'ताबडतोब वापरा' म्हणजे किती वाजेपर्यंत?

प्रति,
इंजेक्शनच्या खोक्यातली माहितीपत्रके लिहिणाऱ्या औषध कंपन्या आणि ती मंजूर करणाऱ्या नियामक संस्था

विषय : सलाईनमध्ये मिसळलेली अँटिबायोटिक्स किती तास टिकतात, हे पत्रकात स्पष्ट छापण्याबाबत

महोदय, महोदया,

तुमची माहितीपत्रके आम्ही वाचतो. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण कोणी वाचणार नाही अशा खात्रीनेच ती छापली जात असावीत असा मला संशय आहे. घड्यांवर घड्या घातलेला कागद, पलीकडची अक्षरे अलीकडे उमटतील इतका पातळ, आणि त्यावर भिंगाशिवाय लागणार नाही असा मजकूर. आम्हाला हवी असलेली ओळ त्यात बहुधा शेवटून दुसऱ्या परिच्छेदात असते आणि ती अशी असते : 'तयार केलेले द्रावण ताबडतोब वापरावे.'

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करतो. वॉर्डातून येणाऱ्या फोनांपैकी एक ठरलेला फोन असतो. "मेरोपेनेम एक ग्रॅम, तीन तासांत सावकाश सोडायचं लिहिलंय. पेशंटला पाच टक्के डेक्स्ट्रोज चालूच आहे, त्यातच टाकू का?" सिस्टरांचा प्रश्न अगदी रास्त आहे. बाटली समोर लटकते आहे, शीर एकच मिळाली आहे, पंपही एकच आहे. उत्तर आहे, 'नको, नॉर्मल सलाईनमध्येच लावा' (डेक्स्ट्रोज म्हणजे ग्लुकोजचे पाणी, नॉर्मल सलाईन म्हणजे मिठाचे), आणि त्यामागे पक्के रसायनशास्त्र आहे. पत्रकात मात्र ते 'ताबडतोब' या शब्दाआड दडलेले असते.

ताबडतोब काय करायचे? ड्रिप सुरू करायची की संपवायची? तीन तासांच्या इन्फ्युजनमध्ये शेवटचा थेंब शिरेत जातो तेव्हा औषध पाण्यात पडून तीन तासांहून जास्त वेळ झालेला असतो. व्हायलमधली, म्हणजे औषधाच्या कुपीतली, पावडर विरघळवणे, बाटलीत सोडणे, लेबल लिहिणे, ट्रे वॉर्डात पोचणे, पंप मोकळा होणे हा वेळ आणखी वेगळा. बीटा-लॅक्टम गटाची औषधे (मेरोपेनेम त्यांतलेच) सावकाश द्यायची पद्धत काही डॉक्टरांची हौस म्हणून आलेली नाही. जंतूला रोखायला लागणाऱ्या किमान पातळीच्या वर औषध रक्तात किती वेळ राहते, यावर या गटाचा गुण ठरतो. म्हणून अर्ध्या तासाचे डोस तीन-चार तासांवर गेले आणि काही ठिकाणी चोवीस तासांचे अखंड इन्फ्युजनही सुरू झाले. तुमची बरीच पत्रके अजून अर्ध्या तासाच्या काळातच थांबली आहेत.

हे औषध पाण्यात का टिकत नाही, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पण पत्र खुले आहे, बाकीचेही वाचतील, म्हणून थोडक्यात लिहितो. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि कार्बापेनेम या तिन्ही कुळांच्या गाभ्यात चार अणूंचे एक छोटे कडे असते, बीटा-लॅक्टमचे. डोरोथी हॉजकिन यांनी १९४५ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने पेनिसिलिनची रचना उलगडली तेव्हा हे कडे सर्वांसमोर आले. इतक्या लहान कड्यात अणूंचे बंध अवघडून वाकलेले असतात, त्यामुळे ते उघडायला टपलेलेच असते. जंतूच्या भिंत बांधणाऱ्या एन्झाइमला ते जाऊन चिकटते ते याच ताणामुळे, आणि सलाईनच्या बाटलीत पाण्याचा रेणू ते फोडतो तेही याच ताणामुळे. एकदा कडे उघडले की जंतूच्या दृष्टीने त्या औषधात काही उरत नाही. त्यामुळे कोरडी पावडर दोन-दोन वर्षे टिकते आणि पाणी पडल्यावर मोजणी तासांत सुरू होते.

पाण्याइतकाच, किंबहुना जास्तच, पाण्यात काय आहे यावर सगळे ठरते. अँपिसिलिनचेच बघा. त्याच्या सोडियम क्षाराचे द्रावण चांगलेच अल्कधर्मी असते, सामू ८ ते १० च्या घरात. त्या अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोज, म्हणजेच डेक्स्ट्रोज, आले की ग्लुकोजच्या रेणूवरचे हायड्रॉक्सिल गट बीटा-लॅक्टम कड्यावर हल्ला चढवतात. जे अँपिसिलिन नॉर्मल सलाईनमध्ये मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंतच्या तीव्रतेत २५ अंशांवर आठ तास चालते, ते पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्ये एक-दोन तासांतच मर्यादेबाहेर जाते. शिवाय अँपिसिलिनला बाहेरचा शत्रूही लागत नाही. त्याच्या एका रेणूचा अमाइन गट शेजारच्या रेणूचे कडे फोडतो आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन साखळ्या तयार होतात. द्रावण जितके दाट, तितके रेणू जवळ आणि तितकी नासाडी जलद. म्हणजे तोच डोस पन्नास मिलिलिटरमध्ये घातला की शंभरमध्ये, यावर तासांचा हिशेब बदलतो. मेरोपेनेमचेही असेच आहे. जिथे पाणी मोजून-मापून द्यावे लागते तिथे, म्हणजे नवजात बाळांच्या कक्षात किंवा किडनीच्या रुग्णांसाठी, डोस मुद्दाम कमी पाण्यात बनवतात. ज्यांना चूक सर्वांत महागात पडते, त्यांच्याच बाटलीत औषध सर्वांत लवकर खराब होते.

आता यावरून कोणी 'डेक्स्ट्रोज वाईट, सलाईन चांगले' असा सोपा नियम भिंतीवर चिकटवू नये. आमच्याकडे असे कागद भिंतीवर लागतात, म्हणून सांगतो. व्हँकोमायसिन, जेंटामायसिन आणि सेफाझोलिन दोन्हींत निवांत चोवीस तास राहतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेट, अर्टापेनेम आणि नेहमीच्या स्वरूपातले डॅप्टोमायसिन यांना डेक्स्ट्रोज नको. को-ट्रायमोक्साझोलला उलट डेक्स्ट्रोजच हवे. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचे औषध, पण ते त्याच कपाटात असते आणि ते सलाईनमध्ये घातले तर समोर गढूळ होऊन खाली बसते. एरिथ्रोमायसिन लॅक्टोबायोनेट आधी इंजेक्शनच्या शुद्ध पाण्यातच विरघळवावे लागते, आणि डेक्स्ट्रोजमध्ये द्यायचे असेल तर त्याची आम्लता आधी सोडियम बायकार्बोनेटने मारावी लागते. नियम एक नाही, औषधागणिक वेगळा आहे. म्हणूनच तो त्या-त्या खोक्यात असायला हवा.

तो कसा असावा, याचा नमुनाही तुमच्यापैकीच काहींनी घालून दिला आहे. को-ट्रायमोक्साझोलचे अमेरिकेतले पत्रक बघा. पाच मिलिलिटर औषध १२५ मिलिलिटर डेक्स्ट्रोजमध्ये घातले तर ६ तासांत वापरा, १०० मध्ये घातले तर ४ तासांत, ७५ मध्ये घातले तर २ तासांत. फ्रीजमध्ये ठेवू नका, गढूळ दिसले किंवा स्फटिक दिसले तर टाकून द्या. चार वाक्यांत काम झाले. द्रव कोणता, किती, किती तास, थंड करायचे की नाही, आणि डोळ्यांनी काय तपासायचे. रात्री तीन वाजता फोन आला तर मी हे वाचून दाखवू शकतो, आणि पलीकडच्या सिस्टर ते बाटलीवर लिहूही शकतात. हे औषध जुने आहे, स्वस्त आहे, त्यात चमकदार काही नाही. तरी त्याचे पत्रक कितीतरी नव्या आणि महागड्या औषधांपेक्षा उपयोगी आहे.

माझी मुख्य तक्रार मात्र वेगळीच आहे. 'ताबडतोब' या शब्दात तुम्ही तीन वेगवेगळी घड्याळे एकत्र बांधली आहेत. एक घड्याळ रसायनाचे, म्हणजे औषधाचे प्रमाण सुरुवातीच्या ९० टक्क्यांखाली कधी जाते. दुसरे भौतिक बदलांचे, म्हणजे साका बसतो का, स्फटिक होतात का, प्लॅस्टिकला औषध चिकटते का. तिसरे जंतूंचे. उघड्यावर बनवलेल्या बाटलीत चुकून एखादा जंतू गेला तर तो वाढायला किती वेळ मिळतो, हे ते सांगते. युरोपच्या नियामकांनी १९९८ मध्येच याबाबत मार्गदर्शन दिले. रासायनिक आणि भौतिक स्थिरता किती ते स्वतंत्र सांगा, आणि जंतूंच्या दृष्टीने द्रावण लगेच वापरावे, तसे न केल्यास जबाबदारी वापरणाऱ्याची, एरवी २ ते ८ अंशांवर साधारण २४ तासांपलीकडे ठेवू नये, अशी वेगळी सूचना द्या. ही विभागणी फार शहाणपणाची आहे. कारण तिसरे घड्याळ आमच्या हातात असते. लॅमिनार हवेच्या कॅबिनेटमध्ये हातमोजे घालून बनवलेली बाटली आणि वॉर्डातल्या टेबलावर पंख्याखाली बनवलेली बाटली यांत ते वेगळे चालते, आणि ते कसे सांभाळायचे हे आम्हाला ठाऊक आहे. पहिले घड्याळ आमच्या हातात नसते. मेरोपेनेम कितीही निर्जंतुक जागी मिसळले तरी पाणी त्याचे कडे फोडणारच. दोन्हींसाठी एकच शब्द वापरला की लोक अनुभवाने शिकतात की 'ताबडतोब' फारसे मनावर घ्यायचे नसते. जेंटामायसिनच्या बाबतीत ही सवय रसायनाच्या दृष्टीने निभावून जाते. डेक्स्ट्रोजमधल्या अँपिसिलिनच्या बाबतीत नाही निभावत.

दुसरीकडे त्याच शब्दामुळे चांगले औषध फेकले जाते. तपासणीला नेलेल्या रुग्णाची, फ्रीजमध्ये नीट ठेवलेली सेफाझोलिनची बाटली दोन तासांनी मोरीत ओतली जाते, कारण पत्रकात तासाचा आकडा नाही आणि अंगावर कोण घेणार? औषधाचा तुटवडा असतो तेव्हा हे बघवत नाही. शिवाय मोरीत गेलेले अँटिबायोटिक पुढे कुठे जाते आणि तिथल्या जंतूंना काय शिकवते, हा आणखी एका पत्राचा विषय.

आता तापमान. इथे थोडा वेळ थांबतो, कारण यात एक विसंगती आहे आणि ती तुमच्याच नियमांतली आहे. बंद व्हायल उष्ण आणि अतिदमट प्रदेशात विकायची असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या हवामान-विभागणीनुसार तिची दीर्घकालीन स्थिरता ३० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला तपासावी लागते. चांगला नियम आहे. पण तीच व्हायल उघडून पाण्यात विरघळवली, म्हणजे औषध खरोखर नाजूक झाले, की पत्रकातला तासांचा आकडा बहुतेकदा २५ अंशांचा असतो! झाकण बंद असताना पावडरला ३० अंशांची परीक्षा आणि पाण्यात पडल्यावर तिला २५ अंशांची सवलत, असा हा कारभार. रासायनिक विघटनाचा वेग तापमानाच्या दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट-तिप्पट होतो, हे शाळेतले गणित आहे. त्या हिशेबाने २५ अंशांवरचे तीन तास ३५ अंशांवर दीड तासावर येतात, काही औषधांत त्याहूनही कमी. वातानुकूलित नसलेल्या वॉर्डात, खिडकीशेजारी उन्हात लटकणाऱ्या बाटलीत, किंवा रुग्णाने घरी जाताना कमरेला बांधलेल्या लवचिक फुग्याच्या पंपात २५ अंश राहत नाहीत. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत अशा अंगावर बाळगायच्या पंपांतल्या औषधाची चाचणी ३२ अंशांवर घेण्याचा प्रघात आहे, तो याचसाठी. 'खोलीचे तापमान' हा शब्दप्रयोग कृपया बंद करा. खोली कोणाची?

आणि थंड केले की टिकते, हेही सरसकट खरे नाही. को-ट्रायमोक्साझोल फ्रीजमध्ये खाली बसते हे वर आलेच. अँपिसिलिनचे द्रावण गोठवले तर ते साध्या फ्रीजमधल्यापेक्षा लवकर खराब होऊ शकते, कारण पाण्याचा बर्फ होताना औषध उरलेल्या थोड्या द्रवात दाट होऊन बसते आणि रेणूंना एकमेकांना गाठायला सोपे जाते. ज्याने हे वाचलेले नाही त्याला हे स्वप्नातही सुचणार नाही. आणि बहुतेकांनी वाचलेले नाही, कारण पत्रकात नाही.

देशादेशांतल्या पत्रकांतली तफावत हा आणखी एक गोंधळ. मेरोपेनेम नॉर्मल सलाईनमध्ये किती टिकते? अमेरिकेतल्या मूळ ब्रँडचे पत्रक म्हणते, २५ अंशांपर्यंत १ तास आणि ५ अंशांपर्यंत १५ तास. युरोपातली पत्रके म्हणतात, २५ अंशांपर्यंत ३ तास आणि फ्रीजमध्ये २४ तास. रेणू तोच, पाणी तेच. फरक कुठून येतो ते मी समजू शकतो. किती टक्के घट चालेल, विघटनातून निघालेल्या पदार्थांची मर्यादा किती, कोणत्या तीव्रतेला चाचणी केली, यावर आकडा ठरतो. माझे म्हणणे एवढेच की हा निकष आकड्याशेजारी छापा. ९० टक्क्यांचा आकडा असेल तर तसे लिहा, ९५ चा असेल तर तसे. म्हणजे तीन तासांच्या इन्फ्युजनबद्दल डॉक्टरांशी बोलताना आम्ही अंदाजाने बोलणार नाही.

विघटन म्हणजे फक्त ताकद कमी होणे नव्हे, हेही पत्रकातून कळत नाही. सेफ्टाझिडिम पाण्यात मोडते तेव्हा पिरिडिन सुटते, आणि ते विषारी आहे. तिथे प्रश्न 'किती उरले' इतकाच 'काय तयार झाले' हाही असतो. पेनिसिलिनचे कडे उघडून जे रेणू बनतात ते अ‍ॅलर्जीशी जोडलेले आहेत. कोलिस्टिमेथेट पाण्यात राहिले की त्यातून फुप्फुसांना घातक ठरू शकणारे कोलिस्टिन मोकळे होते. आधीपासून मिसळून ठेवलेले द्रावण नेब्युलायझरने घेतलेल्या एका रुग्णाच्या मृत्यूनंतर २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला होता. आणि यांतले काहीही डोळ्यांना दिसेलच असे नाही. निम्मे मोडलेले अँपिसिलिन काचेसारखे स्वच्छ असू शकते. सेफॅलोस्पोरिनची थोडी पिवळसर झालेली बाटली मात्र सगळ्यांना घाबरवते आणि ती कित्येकदा पूर्ण ताकदीची असते. रंगाचा खरा अर्थ असतो तिथे तो लिहा. टायगेसायक्लिनच्या पत्रकात लिहिला आहे तसा, पिवळे ते नारिंगी चालेल, हिरवे किंवा काळे दिसले तर टाका.

एका बाटलीत दोन औषधे मिसळण्याबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे तुम्ही बऱ्यापैकी स्पष्ट आहात. पेनिसिलिन आणि जेंटामायसिन एकत्र ठेवले तर जेंटामायसिनचे अमाइन गट कडे फोडतात आणि दोन्ही औषधे निकामी होतात, हे बहुतेक पत्रकांत आले आहे. सेफ्ट्रायॅक्सोन आणि कॅल्शियमचेही आले आहे, पण ते कसे आले ते आठवा. नवजात बाळांच्या फुप्फुसांत आणि मूत्रपिंडांत कॅल्शियमसह साका सापडला, मृत्यू झाले, आणि २००७ मध्ये अमेरिकेत इशारा छापला गेला. २००९ मध्ये तो नेमका करण्यात आला. २८ दिवसांपर्यंतच्या बाळांना कॅल्शियम असलेल्या द्रवांसोबत सेफ्ट्रायॅक्सोन नकोच, त्याहून मोठ्यांना एकापाठोपाठ एक देता येईल, मध्ये लाइन नीट फ्लश करून, म्हणजे नळी धुऊन. रिंगर लॅक्टेट या नेहमीच्या सलाईनमध्ये कॅल्शियम असते हे वॉर्डात आज सगळ्यांना पाठ आहे. म्हणजे वयाची मर्यादा, द्रवाचे नाव, क्रम, फ्लश, सगळे छापता येते. फक्त त्यासाठी आधी मृत्यू व्हावे लागू नयेत.

तुमचे आक्षेप मला माहीत आहेत. प्रत्येक द्रव, प्रत्येक तीव्रता, प्रत्येक तापमान तपासायचे तर चाचण्या संपणारच नाहीत. मान्य. पण आम्ही सगळे मागत नाही. नॉर्मल सलाईन, पाच टक्के डेक्स्ट्रोज आणि रिंगर लॅक्टेट हे तीन द्रव. प्रत्यक्षात वापरली जाणारी सर्वांत पातळ आणि सर्वांत दाट अशा दोन तीव्रता. आणि फ्रीज, २५ अंश, ३५ अंश अशी तीन तापमाने. यांतला बराच भाग तुमच्याकडे तयार असतो, कारण नोंदणीच्या वेळी वापरातील स्थिरतेची माहिती मागितली जाते. ती फायलीत राहते आणि पत्रकात 'ताबडतोब' येते. जेनेरिक कंपन्या म्हणतील की मूळ पत्रकाच्या शब्दांना आम्ही बांधलेले आहोत. मग हे नियामकांनी सोडवावे, त्यांच्याच हातात आहे. आणि चाचणी करताना कृपया मोडलेला रेणू आणि शाबूत रेणू वेगळे ओळखणारी पद्धत वापरा. नुसत्या अतिनील किरणांच्या शोषणावर मोजले तर मोडलेले औषधही शाबूत म्हणून मोजले जाऊ शकते. हे तुम्हाला सांगणे उद्धटपणाचे आहे, पण असे प्रबंध वाचले आहेत म्हणून सांगतो.

कायदेशीर जबाबदारीची भीती हा खरा अडसर असावा. आकडा छापला आणि चुकला तर कंपनी अडकते, 'ताबडतोब' छापले तर सिस्टर अडकतात. हे वाटप बदलायला हवे. औषध कसे मोडते हे मोजायची यंत्रे तुमच्याकडे आहेत, आमच्याकडे नाहीत.

सुरुवात मेरोपेनेम, अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलेनेटपासून करावी. मोठ्या अक्षरांत एक तक्ता, पत्रकाच्या पहिल्या घडीवर, आणि तोच खोक्याच्या आतल्या बाजूला, कारण पत्रक पहिल्याच दिवशी कचऱ्यात जाते आणि खोके महिनाभर शेल्फवर असते. आमच्याकडून जे लागेल ते आम्ही देऊ. वॉर्डातल्या तापमानाच्या नोंदी, कोणते औषध किती मिलिलिटरमध्ये बनते, बाटली बनल्यापासून संपेपर्यंत किती वेळ जातो, हे सगळे कुठल्याही रुग्णालयाचा औषध विभाग आठवड्याभरात लिहून काढू शकतो. नमुना-तक्ता तयार झाला की छापण्याआधी तो एखाद्या रात्रपाळीच्या सिस्टरच्या हातात द्या आणि विचारा, ही बाटली किती वाजता टाकायची? त्यांना उत्तर देता आले नाही तर तक्ता परत पाठवा.

आपला,
रुग्णालयाच्या औषध विभागातला एक फार्मासिस्ट